द्यामव्वाचा चुडा

हुणशीगट्टी महाराष्ट्रात आहे, ही गोष्ट महाराष्ट्राला निवडणुकीच्या आधी महिनाभर आठवते आणि निकालाच्या दिवशी संध्याकाळी तो ती विसरतो. एरवी गावाचं गावाला माहीत. सांगलीहून निघालं की आधी ऊस संपतो, मग द्राक्षबागा संपतात, जतचा बाजार मागे पडला की डांबरही संपत येतं, आणि जिथं मोबाइल ‘कर्नाटकात आपले स्वागत आहे’ असा मेसेज दाखवतो, त्याच्या जरा अलीकडे हे गाव. घराच्या सोप्यात एका राज्याचा टॉवर लागतो, परसात दुसऱ्याचा. माणसं दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात, आणि मेंढरांना तर एकही येत नाही, तरी त्यांचं अडत नाही.

या गावच्या सरपंच जन्नतबी मणेर. जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा गावातल्या दोन्ही पार्ट्यांना एकमेकांच्या घरची सून नको होती. भांडून भांडून दमल्यावर कुणीतरी जन्नतबीचं नाव काढलं आणि कुणालाच नाही म्हणता आलं नाही. गावातल्या प्रत्येक बाईचा हात तिच्या हातात आलेला होता. जन्नतबी बांगड्या भरायची. तिची सासू भरायची, सासूची सासू भरायची. नवरा अल्लाबक्ष जतहून माल आणायचा आणि ती डोक्यावर दुरडी घेऊन हद्दीच्या अल्याड-पल्याड फिरायची. कुठल्या सुनेचा हात मऊ, कुणाचा कामानं राठ झालेला, कुठली पोर हात ओढून घेते, सगळं तिला डोळे मिटून ठाऊक. हद्दीचा दगड तिच्या वाटेत यायचा, पण त्याला हात नसल्यामुळे तिनं त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

आणि गावाचं पाणी याच वाटेनं यायचं.

पलीकडे हंजगेरी नावाचं गाव. तिथला तलाव त्यांच्या सरकारनं नदीचं पाणी उचलून भरायला घेतला, त्याला आता बरीच वर्षं झाली. तलावाच्या सांडव्याला लाकडी फळ्या. फळ्या काढल्या की पाणी ओढ्यानं उतरून थेट हुणशीगट्टीच्या बंधाऱ्यात. उन्हाळ्यात हंजगेरीच्या द्यामव्वाची जत्रा भरते. त्या देवीला हिरवा चुडा हुणशीगट्टीनं द्यायचा आणि तो मणेरणीनंच भरायचा, हा रिवाज तलावाच्याही आधीचा. मूर्ती लाकडाची. लाकडी हात आवळून घेता येत नाही, म्हणून बांगडी अगदी मापाची लागते, आणि ते माप जन्नतबीच्या घरात सासूकडून सुनेकडे आलेलं. चुडा चढला, की दुसऱ्या दिवशी सकाळी हंजगेरीचे कल्लाप्पा गौडा स्वतःच्या हातानं सांडव्याच्या फळ्या काढायचे. ना अर्ज, ना मंजुरी, ना शिक्का. देवीला बांगडी मिळाली, शेजाऱ्याला पाणी मिळालं, विषय संपला. मुंबई आणि बंगळूरला यातलं काहीच माहीत नव्हतं, म्हणून ते इतकी वर्षं सुरळीत चाललं.

ते पाणी दोन महिने पुरायचं. पण त्याच्या आधी आणि नंतर टँकर. एक दिवसाआड यायचा, कधी दोन दिवसांनी. आपल्या राज्याची पाणीयोजना गावापर्यंत येणार, येणार म्हणता म्हणता तिच्या पाइपांवर चढून खेळलेली पोरं बाप झाली होती.

मग पृथ्वीराजच्या डोक्यात कल्पना आली. पृथ्वीराज म्हणजे गावातला तरुण कार्यकर्ता. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, आणि जिल्हा परिषदेच्या तिकिटावर डोळा. त्यानं ग्रामसभेत सांगितलं, “आपून ठराव करू. पानी देत नसशीला तर आमी कर्नाटकात जातो. बघा कसं पळत येत्यात.”

रुसलेली बाई माहेरी जाते म्हणून पिशवी भरते आणि नवरा अडवील या आशेनं उंबऱ्यावर बसून राहते, तसाच हा प्रकार. जायचं कुणालाच नव्हतं. जन्नतबीला हे पटलं नव्हतं, पण सगळे हात वर झाले तेव्हा तिचाही झाला. आणि पृथ्वीराजचं खरं ठरलं. चॅनेलवाले आले. आजवर ज्यांना गावाचं नाव नीट उच्चारता येत नव्हतं, ते मुंबईत बसून ‘एक इंचही जमीन देणार नाही’ म्हणून गरजले. पलीकडचे तिकडून गरजले, की या, तुमचंच घर आहे. एका राज्याला गाव सोडायचं नव्हतं, दुसऱ्याला ते हवं होतं, आणि दोघांनाही त्या गावातली घागर भरायची नव्हती. टीव्हीवर नकाशा दाखवायचे. त्यात हुणशीगट्टीच्या जागी एक लाल ठिपका लुकलुकायचा. अल्लाबक्ष तो बघून म्हणाला, “गळू आल्यागत दिसतंय.”

शेवटी मंत्रीसाहेब स्वतः यायचं ठरलं. पृथ्वीराज संध्याकाळी जन्नतबीच्या घरी आला, चहा घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “चाची, साहेब गुरवारी येनार. जलपूजन करायचं म्हनत्यात.”

“कुठल्या जलाचं?” जन्नतबीनं विचारलं. “बंधारा कोरडा ठाक हाय.”

“त्याच्यासाठीच तर आलोय. हंजगेरीचं पानी सुटतंयच की जत्रंनंतर. ते गुरवारी सोडाय सांगा. गौडा तुमच्या शब्दाभाईर न्हाईत.”

“चुडा चढायच्या आधी?”

“एक डाव मागं-पुढं झालं तर देवी काय रुसतीया व्हय? चाची, साहेबांनी वाहतं पानी बघितलं, खूष झालं, की योजनेच्या पयल्या टप्प्यात आपलं गाव. तसा शब्दच हाय त्यांचा. कायमचं पानी. मग कुनाच्या दारात जायची गरज न्हाई.”

कायमचं पाणी. त्या दोन शब्दांनी जन्नतबीला त्या रात्री झोप लागू दिली नाही. सकाळी ती हंजगेरीला गेली. गौडांनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ मिशीवर हात फिरवला. चुड्याआधी फळी कधी निघाली नव्हती, आणि गावातली माणसं काय म्हणतील हा प्रश्न होता. तेव्हा आतून त्यांची बायको बसव्वा आली. जन्नतबी तिच्या लग्नात चुडा भरायला होती, तिच्या पोरींच्या लग्नातही होती.

“जन्नतक्कानं आजवर काय मागितलंय आपल्याकडं?” बसव्वा नवऱ्याला म्हणाली. “पानी तर द्यायचंच हाय. मी जामीन तिला. सोडा.”

गौडांनी मान हलवली.

गुरुवार उजाडला तो जेसीबीच्या आवाजानं. ओढ्याचा काठ सपाट केला, वर मांडव घातला, ओढ्याच्या पात्रात लाल जाजम अंथरलं. ज्या गावात अंगणात सडा टाकायला पाणी नव्हतं, तिथं रस्त्यावर धूळ उडू नये म्हणून पाणी मारलं. पहाटे गौडांनी फळ्या काढल्या होत्या आणि ओढ्याला पाणी आलंही होतं, पण तापलेल्या मातीतून झिरपत, गाळ ढकलत, दमानं. बंधाऱ्यात साहेबांच्या फोटोत दिसेल इतकं ते साचेना. तेव्हा एक अधिकारी घड्याळाकडे बघत पुढे झाला आणि गावाच्याच धनगरवस्तीकडे निघालेले टँकर त्यानं वळवून घेतले. वस्तीवरच्या बायका घागरी ओळीत लावून बसल्या होत्या. त्यांचं पिण्याचं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत बंधाऱ्यात ओतलं गेलं आणि गाळात कालवलं गेलं. जन्नतबी त्या अधिकाऱ्याला म्हणाली, “सायेब, ह्ये प्यायचं हाय.” तो म्हणाला, “बाई, दोन तासांचा प्रश्न आहे.” जणू दोन तासांनी ते पाणी आपल्या पायानं टँकरमध्ये परत चढणार होतं.

साहेब आले. ओटीचं ताट आलं, साडी, खण, नारळ. सरपंच म्हणून जन्नतबीनं ताट उचलायला हात पुढे केला, तर पृथ्वीराज तिच्या कानाशी लागला. “चाची, ओटी अंजनावैनी धरतील. कॅमेरा हाय. लोक उगंच काय बी लिवत्यात. तुमी फकस्त बोला.” अंजना म्हणजे तिची शेजारीण आणि पंचायतीतली सदस्य. तिचं तोंड कसनुसं झालं, पण तिनं ताट धरलं. जिच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या देवीचा हात हातात घेतला, तिला गढूळ पाण्याची ओटी धरायची बंदी. जन्नतबीनं तेही गिळलं. कायमचं पाणी, तिनं मनाशी म्हटलं.

साहेबांनी पाण्यात साडी सोडली, नारळ सोडला, बूट भिजू नयेत म्हणून दोघांनी त्यांना दंडाला धरून मागे घेतलं. मग भाषण. साहेब बोलले की हे पाणी भिकेचं नाही, हक्काचं आहे. आम्ही ते खेचून आणलं आहे. वाघाच्या जबड्यातून आणलं आहे. हंजगेरीचे कल्लाप्पा गौडा, जे पहाटे गुडघाभर पाण्यात उतरून फळ्या उपसत होते, ते वाघ की जबडा हे साहेबांनी सांगितलं नाही. टाळ्या मात्र पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडे बघून जन्नतबीला आयुष्यात पहिल्यांदा हातांचा वीट आला.

मग माइक तिच्यापुढे आला. पृथ्वीराजनं वाक्य आधीच पढवलं होतं. ती गर्दीकडे बघत उभी राहिली. साहेब हसून म्हणाले, “बोला ताई, घाबरू नका. पाणी कुणी आणलं सांगा महाराष्ट्राला.”

“पानी सायबांनी आनलं,” जन्नतबी म्हणाली.

एवढंच. एवढं बोलायला दम लागत नाही. संध्याकाळी कुपवाडहून तिच्या मुलाचा, शाहनवाजचा फोन आला. कारखान्यातल्या सगळ्यांनी तिला टीव्हीवर पाहिलं होतं, म्हणाला. तो फार खूष होता.

टीव्ही फक्त कुपवाडला दिसतो असं थोडंच आहे. पलीकडेही दिसला. ‘आमचं पाणी पळवलं’ म्हणून तिकडे मोर्चे निघाले, तिकडच्या पुढाऱ्यांनाही निवडणूक होतीच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हंजगेरीच्या सांडव्यावर पोलीस आले. फळ्यांच्या जागी लोखंडी पत्रा आला आणि वेल्डिंग करून कायमचा बसला. कल्लाप्पा गौडांना चौकीत बोलावून दिवसभर बाकड्यावर बसवलं, कुणाच्या परवानगीनं परराज्यात पाणी सोडलं म्हणून. म्हातारा म्हणे एकच सांगत राहिला, की देवीच्या रिवाजानं. ते लिहून घ्यायला त्यांच्याकडे रकाना नव्हता.

बंधाऱ्यातलं पाणी आठवड्यात आटलं. तळाला साहेबांची साडी, नारळाच्या शेंड्या आणि चहाचे कागदी कप राहिले. कुत्री तिथं येऊन चिखल चाटायची. काठावर मात्र संगमरवरी कोनशिला दिमाखात उभी होती. साहेबांचं नाव मोठं, पृथ्वीराजचं मधलं, आणि सगळ्यात खाली जन्नतबीचं.

आणि टँकर बंद झाला.

आधी वाटलं, डिझेलचं काही असेल. मग अंजना आणि चार बायकांना घेऊन जन्नतबी तालुक्याच्या कचेरीत गेली. तिथला अधिकारी सभ्य होता. त्यानं बसायला खुर्च्या दिल्या, प्यायला बाटलीतलं पाणी दिलं. बायकांनी आधी घोट घोट घेतलं आणि उरलेलं पदराखाली ठेवलं.

“टंचाईग्रस्त गावांच्या यादीतून तुमचं नाव कमी झालंय,” तो म्हणाला.

“का वं?” अंजनानं विचारलं.

“गावात पाणी पोचलंय ना. साहेबांनी स्वतः पूजन केलंय. फोटो आहेत, बातम्या आहेत. आता तिथं पाणी नाही असं मी वर लिहिलं, तर साहेबांनी पूजा कशाची केली असा अर्थ होतो. माझी नोकरी जाईल.” मग तो जन्नतबीकडे वळला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “आणि ताई, तुम्ही स्वतःच सांगितलंय की सगळ्यांसमोर.”

जन्नतबीनं तिथूनच पृथ्वीराजला फोन केला तर तो मुंबईत होता. तिकिटाचं जवळजवळ नक्की झालं होतं आणि योजनेचं बघू म्हणाला.

परतीच्या एसटीत बायका भडकलेल्या होत्या. अंजना म्हणाली, “उद्या समद्याजणी जाऊ. त्या सायबाच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठिवू. बायकांच्या बांगड्या भर म्हनावं आनि बस घरात. चाची, तुमच्या दुरडीतल्या द्या चार डझन.”

“न्हाई,” जन्नतबी म्हणाली.

“का? टीव्हीवाल्यांना बलवू की.”

“मी जल्मभर ज्या हातांत बांगड्या भरल्या, त्ये हात धुनं धुत्यात, मेंढरं सांभाळत्यात, पोरं काढत्यात, मढं उचलत्यात. आनि नालायक मानसाला लाज आनायची तर बांगडी? त्या असल्यांच्या अंगाला माझ्या बांगडीचा वारा बी लागू द्यायची न्हाई मी. त्यांची लायकी न्हाई.” तिचा आवाज चढला नव्हता. मग ती म्हणाली, “परवा जत्रा हाय. मी चुडा घेऊन जाते. पत्रा बसला म्हनून मानसं बदलत न्हाईत. गौडा काय तरी वाट काढतील.”

ती आशा साधी होती. सरकारं काय दर पाच वर्षांनी फिरतात, देवीचा रिवाज तसा नाही. लोखंडी पत्रा बसवणारा पोलीसही द्यामव्वाला हात जोडूनच पुढे जातो. चुडा चढला, की गौडा तलावातून निदान इंजिन लावून, बैलगाडीनं पिंप धाडून, काहीतरी करतील, याची तिला खातरी होती. धनगरवस्तीवरच्या बायकांनाही होती. त्यांनी निघताना तिला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं.

जत्रेच्या दिवशी हिरव्या चुड्याची पिशवी छातीशी धरून ती सांडव्यावरून गेली. तिथं तंबू ठोकून बसलेल्या पोलिसानं पिशवीत डोकावून बघितलं आणि जाऊ दिलं. हंजगेरीत हलगी वाजत होती. दरवर्षी वेशीपासून बायका तिला हाताला धरून न्यायच्या. यंदा वाट करून दिली, पण हात कुणी धरला नाही. देवळात पायरीशी कल्लाप्पा गौडा बसले होते. तिला पाहून त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. त्या एका दिवसाच्या बाकड्यानं म्हातारा दहा वर्षांनी वाकलेला दिसत होता.

रिवाज असा, की देवीला चुडा भरण्याआधी गौडांच्या घरच्या बाईनं हात पुढे करायचा. तिच्या हातात दोन बांगड्या भरायच्या, मग देवीच्या. बसव्वा गाभाऱ्याच्या दारात उभी होती. जन्नतबी तिच्यासमोर बसली, पिशवी सोडली, दोन बांगड्या काढल्या आणि नेहमीसारखा डावा तळवा पुढे धरला.

बसव्वाचा हात पदराखालून बाहेर आला नाही.

“बसव्वा,” जन्नतबी हळू म्हणाली, “हात दे.”

“आमच्या ह्यांना चौकीत बसवलं तवा मी तुझ्या नावानं एक शब्द काढला न्हाई,” बसव्वा म्हणाली. तिचा राग संपून गेलेला होता, आणि तेच ऐकवत नव्हतं. “पानी बंद झालं, त्ये बी सरकारचं काम. पर मी टीव्ही बघितला, अक्का. पहाटं ह्यो मानूस पान्यात उतरला हुता. आनि तू समद्यांम्होरं सांगितलंस, पानी सायबानं आनलं.”

जन्नतबीचा तळवा अजून पुढेच होता.

“मग चुडा बी त्यालाच भर,” बसव्वा म्हणाली आणि गाभाऱ्याचं दार लोटून घेतलं.

ती परत निघाली. वाटेत कोनशिला लागली, तिच्यावर एक मेंढरू अंग घाशीत होतं. गावाच्या अलीकडे ओढ्याच्या काठावर वस्तीवरच्या बायका घागरी घेऊन येऊन बसल्या होत्या. चुडा चढायच्या दिवशी त्या नेहमी अशाच यायच्या, पाणी दुसऱ्या दिवशी येणार हे माहीत असूनही. अंजनाही त्यांच्यात होती, ती सगळ्यांच्या आधी उठली.

“चाची, चुडा चढला?”

जन्नतबीनं छातीशी धरलेली पिशवी सोडली. द्यामव्वाच्या मापाच्या सगळ्या हिरव्या बांगड्या तिनं अंजनाच्या ओंजळीत ठेवल्या. अंजना गोंधळली. तिनं एकदा बांगड्यांकडे बघितलं, एकदा चाचीकडे.

“कचेरीत आहेर करनार हुतीस न्हवं?” जन्नतबी म्हणाली.

“व्हय. पर तुमी तर नगं म्हनला हुता. लायकी न्हाई म्हनला हुता.”

“न्हाईच. पर पानी सायबांनी आनलं, ह्ये खोटं मीच बोलले.” जन्नतबी खाली बसली आणि बायकांपुढे आपले दोन्ही हात लांब केले. “तवा पयला आहेर मला कर. भर माझ्या हातात. मग उरल्याल्या त्यांच्याकडं घिऊन जा.”